गुडघ्याला बाशिंग

१९८५ च्या सुमारास कॅलिफोर्निया आणि टेक्सासच्या रेल्वे यार्डांत एक नवाच रंग दिसू लागला. इंजिनाचे नाक पिवळे, अंग लालभडक, वरचा भाग काळा. कोडॅकच्या फिल्मचे खोके याच रंगांचे असायचे, म्हणून रेल्वेवेड्यांनी त्याचे नाव ‘कोडाक्रोम’ ठेवून टाकले. खरी गंमत रंगात नव्हती, अक्षरांत होती. सदर्न पॅसिफिकच्या इंजिनांवर ठळक ‘एसपी’ लिहून पुढे तेवढीच जागा कोरी सोडलेली. सांता फेच्या इंजिनांवर ‘एसएफ’, आणि त्याच्या अलीकडे कोरी जागा. परवानगी हाती पडली की उरलेली दोन अक्षरे चढवायची, म्हणजे नव्या कंपनीची इंजिने तयार.

दोन्ही रेल्वेंच्या मूळ कंपन्या १९८३ च्या अखेरीस एक झाल्या होत्या. मात्र रेल्वेमार्ग एक करायला वॉशिंग्टनमधल्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाची संमती लागायची. ती मिळेपर्यंत सदर्न पॅसिफिकचे भाग एका विश्वस्ताकडे ठेवलेले होते. आयोग तोवर एकामागून एक विलीनीकरणे मंजूर करत आला होता. हेही होणारच, असे कंपनीने गृहीत धरले आणि शेकडो इंजिने रंगवून घेतली. २४ जुलै १९८६ रोजी आयोगाने चार विरुद्ध एक मतांनी अर्ज फेटाळला. टेक्सास ते कॅलिफोर्निया दोन्ही कंपन्यांचे रूळ जवळपास समांतर होते. त्या एक झाल्या तर नैर्ऋत्येतल्या व्यापाऱ्याला पर्यायच राहिला नसता. शेजारच्या रेल्वेंनी आपल्या गाड्या त्या रुळांवरून नेऊ देण्याची मागणी केली होती, तीही कंपनीने आधी धुडकावली होती. नंतर कंपनी ती मान्य करायला निघाली तेव्हा फेरविचाराचे दार बंद झाले होते. एसपीएसएफ म्हणजे ‘शुडन्ट पेंट सो फास्ट’, रंगवायची एवढी घाई नको होती, असा विनोद त्या दिवसांत रेल्वेच्या लोकांत फिरत असे. आपल्याकडे उतावळ्या नवऱ्याची म्हण आहेच.

अमेरिकेत मालगाड्यांचे रूळ खासगी कंपन्यांच्या मालकीचे आहेत. जमीन त्यांची, पूल त्यांचे, सिग्नल त्यांचे, आणि त्यावर करही त्याच भरतात. आपल्याकडे १९५१ साली जी.आय.पी. आणि निजामाची रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली ती सरकारी निर्णयाने. अमेरिकेत मात्र प्रत्येक सोयरीक भागधारक, सावकार, वकील आणि आयोग यांच्यातून पार पडावी लागते. शिवाय १८६९ साली युटातल्या प्रॉमंटरीला पूर्व आणि पश्चिमेचे रूळ जोडले गेले, तरी अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत एकाच कंपनीचा मार्ग अमेरिकेत कधी झाला नाही. शिकागो, सेंट लुईस, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स इथे एका कंपनीची गाडी थांबते, डबे दुसरीकडे जातात. शिकागोत तर कित्येक कंटेनर एका यार्डात उतरवून, ट्रकवर चढवून, शहरातून दुसऱ्या कंपनीच्या यार्डात नेले जातात. नकाशावरची ही फट बुजवण्याचे स्वप्न दर पिढीला नव्याने पडते. त्याबरोबर दुसरी एक भीती येते: शेजाऱ्याने आपल्या आधी बुजवली तर? अमेरिकन रेल्वेच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात स्वप्नापेक्षा या भीतीनेच जास्त कंपन्या एकत्र आणल्या.

१९०१ चा वसंत हा त्याचा अस्सल नमुना. ग्रेट नॉर्दर्नचा जेम्स हिल हा कॅनडात जन्मलेला, लहानपणी एक डोळा गमावलेला, रुळाचा चढउतार पायी चालून बघणारा माणूस. युनियन पॅसिफिकचा एडवर्ड हॅरिमन बुटका, चष्मा लावणारा. वॉल स्ट्रीटवर निरोप्या पोऱ्या म्हणून सुरुवात केलेला. शिकागोत शिरायला दोघांनाही बर्लिंग्टन रेल्वे हवी होती. हिलने नॉर्दर्न पॅसिफिकला सोबत घेऊन ती विकत घेतली. हॅरिमनने वाटा मागितला, हिलने दिला नाही. तेव्हा हॅरिमनने घरमालकालाच गाठायचे ठरवले: नॉर्दर्न पॅसिफिक ताब्यात आली की बर्लिंग्टनचा अर्धा हिस्सा आपसूक हाती येणार होता. त्याचा सावकार जेकब शिफ गुपचूप भाग गोळा करू लागला.

हॅरिमनला बहुमतासाठी थोडेच भाग कमी पडत होते. शनिवार, ४ मे रोजी अंथरुणावरून त्याने आणखी ४०,००० भाग घेण्याचा हुकूम सोडला. पण शिफ प्रार्थनेसाठी सिनेगॉगमध्ये होता आणि खरेदी राहून गेली, असे सांगतात. इकडे हिलला सुगावा लागला होता. त्याचा पाठीराखा जे. पी. मॉर्गन फ्रान्समध्ये होता, त्याने तारेने खरेदीला मंजुरी दिली. सोमवारपासून दोन्ही बाजू बाजारात उतरल्या. भाग संपले, तरी ज्यांनी हातात नसलेले भाग विकून ठेवले होते त्यांना ते कुठूनतरी आणून द्यायचे होते. ९ मे रोजी नॉर्दर्न पॅसिफिकचा भाव १,००० डॉलरवर गेला, आणि तो पैसा उभा करायला लोकांनी हाती असेल ते विकल्यामुळे बाकीचा बाजार कोसळला. दोन रेल्वे भांडल्या आणि ज्यांनी आयुष्यात मालगाडी जवळून पाहिली नसेल अशी माणसे भिकेला लागली.

भांडण मिटवायला दोघांनी मिळून नोव्हेंबरात नॉर्दर्न सिक्युरिटीज नावाची धारक कंपनी काढली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या सरकारने तिच्यावर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला आणि १९०४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती मोडली. हॅरिमनने युनियन पॅसिफिकला जोडलेली सदर्न पॅसिफिकही १९१२ च्या निकालाने वेगळी करावी लागली. गंमत पुढे आहे. हिलच्या तिन्ही रेल्वे २ मार्च १९७० रोजी ‘बर्लिंग्टन नॉर्दर्न’ या नावाने एक झाल्या, या वेळी त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने. हॅरिमनची जोडी १९९६ मध्ये पुन्हा जुळली. न्यायालयाने ‘नाही’ म्हटले ते जणू ‘नंतर बघू’ होते.

मधल्या काळात सरकारनेही सोयरिकी जुळवून पाहिल्या. १९२० च्या कायद्याने आयोगाला देशातल्या सगळ्या रेल्वेंचे मोजके गट पाडण्याचा आराखडा करायला सांगितले. हार्वर्डचे प्राध्यापक विल्यम रिप्ले यांनी मसुदा केला, आयोगाने १९२९ मध्ये अंतिम आराखडा काढला. सधन रेल्वेला गरीब शेजारीण गळ्यात घ्यायची नव्हती. आराखडा कागदावरच राहिला आणि १९४० मध्ये ती जबाबदारीच कायद्यातून काढली गेली.

आयोगाच्या गतीची गोष्ट सांगायची तर रॉक आयलंड रेल्वेची सांगावी लागते. युनियन पॅसिफिकने ती घेण्याचा अर्ज १९६४ मध्ये केला. शेजारच्या प्रत्येक रेल्वेने हरकत घेतली, कुणी तुकडा मागितला, कुणी भरपाई. दहा वर्षे सुनावण्या चालल्या. आज ना उद्या विकायचेच आहे म्हणून रॉक आयलंडने रुळांवर खर्च टाळला. स्लीपर कुजले, गाड्या सायकलीच्या वेगाने जाऊ लागल्या. १९७४ च्या अखेरीस मंजुरी आली तोवर घेण्यासारखे काही उरले नव्हते. युनियन पॅसिफिकने हात झटकले, मार्च १९७५ मध्ये रॉक आयलंड दिवाळखोर झाली आणि पाच वर्षांनी तिची शेवटची गाडी थांबली.

पेन सेंट्रलला परवानगी मिळाली, आणि तेच नडले. पेनसिल्व्हेनिया रेल्वे आणि न्यूयॉर्क सेंट्रल या पूर्वेतल्या दोन जुन्या वैरिणी. ट्रकने आणि विमानाने दोघींचा धंदा खाल्ला होता, प्रवासी गाड्या तोट्यात होत्या, म्हणून १९५७ मध्ये एकत्र येण्याची भाषा सुरू झाली. प्रत्यक्ष विलीनीकरण १ फेब्रुवारी १९६८ रोजी झाले. दहा वर्षे हाताशी होती, तरी दोन कंपन्यांचे संगणक एकमेकांशी बोलत नव्हते. मालाची कागदपत्रे एका गावी आणि वाघिणी दुसऱ्या गावी पोचत. अख्ख्या गाड्या कुठे आहेत याचा पत्ता लागेना. एकीकडे अध्यक्ष स्टुअर्ट साँडर्स, दुसरीकडे सेंट्रलमधून आलेला आल्फ्रेड पर्लमन. एका गटाला लाल म्हणत, दुसऱ्याला हिरवा, आणि दोघांचे एकमेकांशी पटत नसे. त्यात आयोगाने आधीच बुडालेली न्यू हेवन रेल्वे पदरात बांधली. २१ जून १९७० च्या रविवारी पेन सेंट्रलने दिवाळखोरी जाहीर केली. तोवरची अमेरिकेतली ती सर्वांत मोठी दिवाळखोरी होती. शेवटी सरकारलाच पैसे घालावे लागले आणि १ एप्रिल १९७६ रोजी पूर्वेतल्या बुडीत रेल्वेंची मोट बांधून ‘कॉनरेल’ निघाली. तिला नफ्यात आणून १९८७ मध्ये तिचे भाग लोकांना विकले गेले, हे अमेरिकन सरकारने केलेल्या थोड्या यशस्वी धंद्यांपैकी एक.

१४ ऑक्टोबर १९८० रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्टॅगर्स कायद्यावर सही केली. भाडे ठरवण्याचे, तोट्यातले मार्ग सोडण्याचे स्वातंत्र्य रेल्वेंना मिळाले, आणि लग्नसराई सुरू झाली. सीएसएक्स १९८० मध्ये, नॉर्फोक सदर्न १९८२ मध्ये. त्याच वर्षी युनियन पॅसिफिकने मिसुरी पॅसिफिक आणि वेस्टर्न पॅसिफिक गिळल्या. प्रथम वर्गातल्या, म्हणजे सर्वांत मोठ्या, चाळीसच्या आसपास रेल्वे होत्या, त्या दोन दशकांत बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. या काळात रेल्वेवाल्यांच्या गप्पांचा आवडता विषय एकच: आता कोण कुणाला घेणार? आणि या गप्पा नुसत्या राहत नव्हत्या. १९९४ मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्नने सांता फेशी करार करताच युनियन पॅसिफिकने मध्येच बोली लावली. ती हरली, सप्टेंबर १९९५ मध्ये बीएनएसएफ जन्माला आली. पण त्याच्या महिनाभर आधीच युनियन पॅसिफिकने सदर्न पॅसिफिक घेण्याची घोषणा केली होती.

कोडाक्रोमच्या वेळची चूक युनियन पॅसिफिकने केली नाही. अर्जाबरोबरच तिने बीएनएसएफला सुमारे ४,००० मैलांवर गाड्या चालवू देण्याचा करार पुढे ठेवला. न्याय विभागाचा विरोध असतानाही, वाणिज्य आयोगाच्या जागी १९९६ पासून आलेल्या सरफेस ट्रान्स्पोर्टेशन बोर्डाने मंजुरी दिली. ११ सप्टेंबर १९९६ रोजी सदर्न पॅसिफिक युनियन पॅसिफिकची झाली.

पुढच्या उन्हाळ्यात ह्यूस्टन तुंबले. ते कसे तुंबले हे जवळून बघण्यासारखे आहे, कारण नकाशावर काढलेल्या रेघा आणि प्रत्यक्ष रूळ यांतले अंतर तिथे दिसते. ह्यूस्टनचे एंगलवुड यार्ड सदर्न पॅसिफिकचे. तिथे एक कृत्रिम उंचवटा आहे. आलेली गाडी मागून ढकलत त्यावर चढवतात, माथ्यावर वाघिणी सुट्या करतात, त्या उतारावरून आपापल्या रुळावर घरंगळत जातात आणि तिथे नव्या गाड्या जुळतात. आखाती किनाऱ्यावरच्या रसायन कारखान्यांचे प्लास्टिकचे दाणे, आम्ल, वायू यांच्या वाघिणींची वर्गवारी इथे होई. यार्ड जुने, रूळ अपुरे, मनुष्यबळ तुटपुंजे. पण कुठल्या दिवशी कुठला रूळ मोकळा ठेवायचा हे तिथल्या जुन्या लोकांना पाठ होते. ओमाहातल्या मुख्यालयाला ते पाठ नव्हते, आणि त्या लोकांतले बरेचसे विलीनीकरणात बाहेर पडले होते.

यार्ड भरले की येणारी गाडी बाहेरच्या साइडिंगला उभी राहते. अमेरिकन कायद्याने चालक आणि गार्ड यांना सलग बारा तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. बारा तास भरले की ते गाडी आहे तिथे सोडून उतरतात, आणि त्यांना आणायला, बदली माणसे सोडायला मोटार पाठवावी लागते. गाडीबरोबर तिची तीन-चार इंजिनेही अडकतात, म्हणून दुसरीकडची तयार गाडी इंजिनावाचून खोळंबते. एकेरी मार्गावर साइडिंग भरली की समोरून येणाऱ्या गाडीला बाजू द्यायला जागा नाही, मग तीही मागे कुठेतरी थांबते. असे करत ह्यूस्टनची कोंडी कॅन्सस, नेब्रास्का, कॅलिफोर्नियापर्यंत पसरली. कारखान्यांनी उत्पादन कमी केले. सुगीत आलेले धान्य वाघिणी नाहीत म्हणून उघड्यावर ढीग घालून ठेवावे लागले. त्याच उन्हाळ्यात अपघातांची मालिका झाली; २२ जून १९९७ रोजी टेक्सासमधल्या डिव्हाइन गावाजवळ दोन मालगाड्या समोरासमोर धडकून माणसे दगावली. केंद्रीय निरीक्षक कंपनीच्या नियंत्रण कक्षात जाऊन बसले.

बोर्डाने ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी आणीबाणीचा आदेश काढला. छोट्या टेक्स-मेक्स रेल्वेला ह्यूस्टनमधला युनियन पॅसिफिकचा माल उचलण्याची परवानगी मिळाली. आदेश पुढच्या ऑगस्टपर्यंत चालला. युनियन पॅसिफिकने पैसा ओतला, एका मार्गावरून सगळ्या गाड्या उत्तरेला आणि दुसऱ्यावरून दक्षिणेला अशी व्यवस्था केली, आणि गाडी हळूहळू रुळावर आली. एवढे समोर असताना, १ जून १९९९ रोजी सीएसएक्स आणि नॉर्फोक सदर्न यांनी सुमारे दहा अब्ज डॉलरला घेतलेल्या कॉनरेलची वाटणी केली. ४२ टक्के एकीला, ५८ टक्के दुसरीला. पूर्वेतही त्या उन्हाळ्यात वाघिणी हरवल्या, संगणक अडले, ग्राहक ट्रककडे गेले. पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो असे म्हणतात. रेल्वे कंपन्यांना ते लागू पडत नसावे.

या पार्श्वभूमीवर २० डिसेंबर १९९९ रोजी बीएनएसएफ आणि कॅनेडियन नॅशनल यांनी एक होण्याची घोषणा केली. बीएनएसएफचे प्रमुख रॉबर्ट क्रेब्स. कोडाक्रोमच्या काळातही ते सदर्न पॅसिफिक-सांता फेच्या वरच्या फळीत होते, म्हणजे दुधाने तोंड पोळलेले. पण ताक फुंकून प्यायला तयार नव्हते. उरलेल्या मोठ्या रेल्वेंनी एकजुटीने विरोध केला, आणि त्यांचा युक्तिवाद कान देऊन ऐकण्यासारखा होता: हे वाईट आहे असे नव्हे, हे झाले तर आम्हालाही जोडीदार शोधावे लागतील आणि शेवटी खंडात दोनच रेल्वे उरतील. मार्च २००० मध्ये चार दिवस सुनावणी झाली. व्यापारी, शेतकरी, कामगार संघटना सगळ्यांनी ह्यूस्टनचे पाढे वाचले. १७ मार्चला लिंडा मॉर्गन यांच्या अध्यक्षतेखालील बोर्डाने मोठ्या रेल्वेंच्या विलीनीकरणांवर पंधरा महिन्यांची सरसकट बंदी घातली. न्यायालयाने ती उचलून धरली आणि जुलैत बीएनएसएफ-कॅनेडियन नॅशनलचा बेत बारगळला.

बंदीच्या काळात तयार झालेले नियम जून २००१ मध्ये आले. आधी अर्जदाराने स्पर्धा बिघडणार नाही एवढे दाखवले तरी चाले. आता स्पर्धा वाढेल हे दाखवायचे होते. सेवा कोलमडली तर काय करणार, याचा आराखडा आधीच द्यायचा होता. आणि त्यात एक असे कलम होते जे या सगळ्या इतिहासाचे सार ओळखून लिहिल्यासारखे वाटते: तुमच्या विलीनीकरणानंतर दुसऱ्या कुठल्या रेल्वे एकत्र येण्याची शक्यता आहे आणि त्याचे परिणाम काय, हेही अर्जदारानेच मांडावे. क्लबात, यार्डात, वॉल स्ट्रीटवर इतकी वर्षे रंगणाऱ्या अटकळी आता शपथेवर लिहून द्यायच्या होत्या.

अटी एवढ्या कडक, की वीस वर्षांहून अधिक काळ त्या नियमांखाली पूर्ण परीक्षा द्यायला कुणी बसलेच नाही. कॅनेडियन पॅसिफिकने नोव्हेंबर २०१५ मध्ये नॉर्फोक सदर्नला मागणी घातली, एप्रिल २०१६ मध्ये ती मागे घेतली. सगळ्यांत छोट्या कॅन्सस सिटी सदर्नला मात्र नव्या नियमांतून सूट ठेवलेली होती. २०२१ मध्ये तिच्यासाठी दोन कॅनेडियन रेल्वे भांडल्या. जास्त पैसे कॅनेडियन नॅशनलचे, पण तिच्या प्रस्तावाला सूट लागू केली नव्हती. मंजुरी येईपर्यंत भाग विश्वस्ताकडे ठेवण्याची तिची योजना बोर्डाने ३१ ऑगस्टला एकमताने नाकारली, आणि नवरी कॅनेडियन पॅसिफिककडे गेली. १४ एप्रिल २०२३ रोजी कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत जाणारी पहिली एकसंध रेल्वे सुरू झाली. दोन वर्षे सुरळीत गेली. मे २०२५ मध्ये दक्षिणेकडच्या जुन्या कॅन्सस सिटी सदर्नच्या मार्गांचा संगणक बदलला आणि टेक्सास-लुइझियानात पुन्हा वाघिणी तुंबल्या.

त्याच वर्षी २९ जुलै रोजी युनियन पॅसिफिकने नॉर्फोक सदर्न घेण्याचा करार जाहीर केला. नॉर्फोक सदर्नची किंमत सुमारे ८५ अब्ज डॉलर, एकत्रित मार्ग ५०,००० मैलांहून अधिक, ४३ राज्ये. युनियन पॅसिफिकचे प्रमुख जिम व्हेना यांचे म्हणणे १८६९ पासूनचेच: मधली अदलाबदल गेली की माल लवकर पोचेल आणि ट्रककडचा धंदा रेल्वेकडे येईल. घोषणेनंतर लगेच अटकळींना ऊत आला. आता बीएनएसएफ सीएसएक्सला घेणार, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. बीएनएसएफची मालकी असलेल्या बर्कशायर हॅथवेच्या वॉरन बफे यांनी बोली लावणार नसल्याचे सांगितले. ऑगस्टात बीएनएसएफ आणि सीएसएक्स यांनी कंटेनर गाड्या एकत्र चालवण्याचा करार तेवढा केला. निराश गुंतवणूकदारांचा दबाव वाढला आणि सप्टेंबरअखेर सीएसएक्सचा प्रमुख बदलला गेला. भागधारकांनी नोव्हेंबरात व्हेना यांच्या बेताला भरघोस मते दिली, कामगार संघटनांत फूट पडली, व्हाइट हाउसमधून कौतुकाचे शब्द आले.

डिसेंबरात सुमारे ७,००० पानांचा अर्ज बोर्डापुढे गेला. जानेवारी २०२६ मध्ये बोर्डाने तो अपुरा ठरवून परत केला, नव्याने दाखल करण्याची मुभा ठेवून. उणिवांत एक अशी होती: बाजारात कुणाचा किती वाटा आहे याचे जुने आकडे कंपन्यांनी दिले होते, विलीनीकरणानंतर तो किती होईल याचा अंदाज दिला नव्हता.